पाठीवरची आगोट

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. एका खाटेवर मिरच्या, दुसरीवर आंबोशी, दोरीला जोडीजोडीने टांगलेले बोंबील, ओट्यावर वाल, आणि पडवीत रचलेल्या लाकडांवर घालायला कोणीतरी माडाची झापं ओढत आणत असतं. ही आगोट. एकदा पाऊस बसला की होड्या वर ओढलेल्या, वाड्यांमधून चिखल, लाकूडफाटा भिजलेला. मग घरात जे असेल त्यावर दिवस काढायचे. आगोटीला काय काय भरायचं याची माझ्या आजीची यादी कुठे लिहिलेली नव्हती. तिचं माप एकच होतं : भर आषाढात कुणाच्या दारात वाटी घेऊन उभं राहायची पाळी येऊ नये.

पुढच्या पानांत जे आहे ते म्हणजे चार दिवस आणि तीन रात्रींची आगोट, पाठीवर वाहून न्यायची. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही माकुणसारचे आणि आसपासचे आठ-दहा जण रुळापलीकडच्या डोंगरात जाऊन राहतो. तंबू उभारून देणारा नाही, जेवणाचे डबे आणणारा नाही, पावा वाजवून चला म्हणणारा नाही. सोबत नेलेल्या वस्तूंवर आणि चार हातांच्या कामावर निभाव लावायचा. नव्याने येणारी मुलं दर वर्षी एकच विचारतात, ‘काका, सामानाची यादी द्या ना.’ यादी दिली की प्रश्न संपला असं त्यांना वाटतं. यादी या पुस्तिकेच्या शेवटी आहे आणि ती दीड पानांत मावली. ती तशी का झाली, हे सांगायला मात्र एवढी लांबण लावावी लागते आहे.

खरं म्हणजे माकुणसार हे काही जंगलातलं गाव नव्हे. आमची ओळख वाडीची : भाजीपाला, केळी, शेवगा, पाटाचं पाणी. पश्चिमेला खाजण आणि समुद्र. पूर्वेला केळवे रोडचं स्टेशन, आणि गाडीच्या दारात उभं राहिलं की पलीकडे डोंगर दिसतात. सफाळ्याच्या बाजूला तांदुळवाडीचा किल्ला, उत्तरेला पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाच्या खिंडीवरचा काळदुर्ग, आणखी आत गेलं की अशेरी आणि कोहोज. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला तेव्हा सागरी, नागरी आणि डोंगरी असा तिहेरी जिल्हा म्हणून त्याचं कौतुक झालं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी यातलं सागरी आणि नागरी तेवढं पाहिलं. डोंगरी भाग आम्ही पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून, नाहीतर डोक्यावर मोळी घेऊन बाजारात आलेल्या बाईच्या रूपाने.

मुलांनी जंगलात ‘तगून राहणं’ पाहिलं ते टीव्हीवर. ऑगस्ट 2019 मध्ये पंतप्रधान बेअर ग्रिल्सबरोबर कॉर्बेटच्या जंगलात फिरताना दिसले, आणि त्या वर्षी आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. प्रत्येकाच्या कमरेला सुरा. इंग्रजी पुस्तकंही आहेत. त्यांतली चांगली पुस्तकं मी वाचली आहेत आणि त्यांचा मी ऋणी आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या माउंटेनियर्स या संस्थेने 1930 च्या दशकात गिर्यारोहकांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, ती आजही जगभर फिरते. ब्रिटिश सैन्यातल्या जॉन वाइजमनचं जाडजूड पुस्तक 1986 मध्ये आलं. पण या पुस्तकांना पहिली धास्ती असते ती थंडीची. अंगातली ऊब कशी टिकवायची, बर्फ वितळवून पाणी कसं करायचं, रात्रभर शेकोटी कशी राखायची. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे एक चादर अंगावर घेतली की भागतं. इथे माणूस अडचणीत येतो तो उन्हाने, पाण्यावाचून, किंवा पावसाळ्यात ओढ्याला अचानक आलेल्या लोंढ्याने. आणि रात्री जमिनीवर झोपल्याने, पण त्याकडे नंतर येतो.

आधी पाण्याचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशेब मुलांना शाळेत कळलेला असतो पण खांद्याला कळलेला नसतो. नोव्हेंबरात चढणीवर चालणाऱ्या माणसाला पिणं-रांधणं धरून दिवसाला चार लिटर लागतं. चार दिवसांचे सोळा किलो झाले. एवढं कोणी वाहत नाही, म्हणजे पाणी वाटेत मिळवायचं, आणि सगळा बेत पाण्याभोवतीच आखायचा. तांदुळवाडीवर खडकात खोदलेली टाकी आहेत. अशेरीवरही आहेत. 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत या पट्ट्यातले किल्ले एकामागून एक पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले, तेव्हाच्या शिबंदीचीही पहिली गरज हीच असणार. किल्ल्यावर तटबंदी पाहायला जाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी टाकी पाहा. टाक्यातलं पाणी हिरवं दिसलं तरी घाबरायचं नाही आणि स्वच्छ दिसलं तरी भुलायचं नाही. दुपदरी फडक्यातून गाळायचं, मग खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळत ठेवायचं. सोबत क्लोरीनच्या गोळ्या असाव्यात, कारण कधी विस्तव होत नाही आणि तहान थांबत नाही.

आम्ही जानेवारीनंतर जात नाही, त्याचंही कारण पाणीच. मार्चात पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. ज्या विहिरीवर बाया पहाटे नंबर लावून हंडा भरतात, तिथे आपण आठ जणांनी बाटल्या घेऊन जायचं आणि याला जंगलात तगून राहण्याचा सराव म्हणायचं, हे मला जमत नाही. जव्हार-मोखाड्याकडे जुलैत पावसाने डोळे उघडता येत नाहीत आणि मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, हे ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

आता त्या गोणीची गोष्ट, कारण या पुस्तिकेचा उगम तिच्यात आहे.

पहिल्या वर्षी आमच्याबरोबर पूर्वेकडच्या एका पाड्यावरचे वारली काका आले होते. माझ्या पाठीवर सतरा किलोंची पिशवी, मुंबईहून आणलेली, बारा कप्प्यांची. काकांच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडा आणि त्यात अडकवलेला कोयता, खांद्यावर युरियाची रिकामी गोण. मुक्कामाला पोहोचल्यावर त्यांनी गोण उपडी केली. फडक्यात बांधलेले तांदूळ. मीठ-मिरचीची पुडी. मूठभर सुका जवळा. अ‍ॅल्युमिनियमचा एक टोप. दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर दोरा आवळलेली आगपेटी. आणि सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा. सगळं मिळून तीन किलो भरलं नसतं. संध्याकाळी अवकाळी सर आली. आमच्या काड्या भिजल्या, तीन प्रकारचे लायटर होते ते वाऱ्यापुढे टिकेनात. काकांनी ट्यूबची एक चिरफळी कापली, पेटवली. ती काळा धूर सोडत, वास मारत, पण विझायचं नाव न घेता जळत राहिली, आणि तिच्यावर ओलं जळणसुद्धा धरलं. रिकामी गोण एका कोपऱ्यात दुमडून त्यांनी डोक्यावर खोळ करून घेतली होती. माझा दोन हजारांचा रेनकोट पिशवीच्या तळाशी होता.

या प्रसंगावरून मी पुढे काही वर्षं एक भाषण ठोकत असे : ज्याला जंगल ठाऊक, त्याची पिशवी हलकी. ऐकायला फार बरं वाटतं. पुढच्याच वर्षी मी त्याच ऐटीत सहा किलोंची पिशवी घेऊन निघालो, मुलांनाही तसंच निघायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिधा संपला. कंदमुळं खणू म्हणालो. कडूकंद सापडले, पण ते कापून, राखेत उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत, हे मला ऐकून माहीत होतं. करून माहीत नव्हतं. संध्याकाळी आम्ही सहा जण काकांच्या घरी जाऊन बसलो. वहिनींनी एका शब्दाने काही न विचारता भाकऱ्या थापल्या. सकाळी त्या कणगीत वाकून तांदूळ काढत होत्या, तेव्हा मापटं कणगीच्या बुडाला घासल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काकांची गोण तीन किलोंची होती, कारण उरलेलं सामान जंगलात आधीच त्यांचं होतं. घर तासाभराच्या वाटेवर. कुठल्या खोपटात रात्र काढता येते, कुठल्या सोयऱ्याच्या विहिरीला पाणी आहे, कुठल्या झाडाखाली सुकं जळण पडलेलं असतं, हे त्यांना माहीत होतं आणि त्यावर त्यांचा हक्कही होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हा हक्क आदिवासींना कागदावरही दिला. मी तीन किलो घेऊन निघालो तर उरलेले चौदा किलो कुणाच्या तरी घरातून निघतात. या भागात अशा फुकटच्या पाहुण्यांचा इतिहासही काही चांगला नाही. जमीनदार यायचा, ठेकेदार यायचा, कोंबडी आणि वेठ घेऊन जायचा. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 मध्ये आलं, त्यात तलासरी-डहाणूकडची ही सगळी हकिकत आहे. ते पुस्तक वाचून झाल्यावर पिशवीत चार किलो शिधा जास्त भरायला मला कधी जड गेलं नाही.

म्हणून या पुस्तिकेतली पिशवी हलकी नाही. आठ ते नऊ किलो, पाणी धरून. तिच्यामागे आजीचंच माप आहे.

शिध्याच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान. जगभरचे लोक पाकीटबंद सुकं अन्न विकत घेतात. आमच्याकडे ते परंपरेने आहे. वसईची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी उन्हात सुकवून पानांत बांधलेली. चढणीवर दोन सुकेळी आणि घोटभर पाणी, की तास-दीड तास पाय थकत नाहीत. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या सुक्या फोडी डहाणूकडे कुठेही मिळतात. फुटाणे, गूळ, पोहे, आमसुलं. सुका बोंबील आणि जवळा तर घरातच असतो, फक्त तो दोन पिशव्यांत घट्ट बांधून रात्री झाडाला उंच टांगायचा. वासाने मुंग्या येतात, उंदीर येतात, आणि उंदरांमागून जे येतं ते आपल्याला नको असतं. तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यापुढे तिचा भरवसा धरू नये. पहिल्या रात्री आम्ही हट्टाने उकडहंडी करतो. मडकं, कंद, कोनफळ, वालाच्या शेंगा हे ओझं एक दिवस वाटून वाहायचं. मडक्यात पाला घालून ते गच्च भरायचं, तोंड पाल्यानेच बंद करायचं, उपडं ठेवायचं आणि भोवती विस्तव करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. भाज्यांच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. पाणी वाचवून रांधायची ही युक्ती कुठल्या सैनिकी पुस्तकात मला आढळली नाही.

रानातलं काय खायचं यावर मी जाणूनबुजून प्रकरण लिहिलेलं नाही. शेवळं घ्या. पहिल्या पावसात बाजारात येतात, चवीला मटणाच्या तोंडात मारतील अशी. पण सोबत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. हे ज्ञान बायकांच्या हातात आहे आणि ते चित्र पाहून शिकता येत नाही. अळंबी तर वर्ज्यच.

कायद्याचंही आधीच सांगून टाकतो, कारण सुरे घेऊन येणाऱ्यांचा तिथेच हिरमोड होतो. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरून विस्तव करणं, झाड तोडणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ससा, घोरपड, रानकोंबडा यांना हात लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मग आम्ही राहतो कुठे? ओळखीच्या शेतकऱ्याच्या वरकस जमिनीत, त्याला विचारून. नागलीचं शेत कापून झालेलं असतं, कडेला चार ऐनाची झाडं असतात, पलीकडे जंगलाची हद्द. विस्तव करायचा तो वीतभर खड्डा करून, भोवतीचं सुकं गवत दोन हात काढून. निघताना राख पाण्याने इतकी विझवायची की तिच्यात बोटं घालता आली पाहिजेत. मी प्रत्येकाला खरंच बोटं घालायला लावतो.

राहिली रात्र. जंगलात वाघ आहे का, हे सगळे विचारतात. या डोंगरांत बिबट्या आहे, आणि खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे, तिथे थांबून हात जोडल्याशिवाय गाडीवाले पुढे जात नाहीत. पण माझी झोप बिबट्याने कधी उडवली नाही. मण्यारने उडवली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांपैकी मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला डसते, आणि तिचा दंश दुखत नाही. माणसाला वाटतं डास चावला. पहाटे पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. म्हणून आमच्या यादीत मच्छरदाणी सुऱ्याच्या वर आहे. तिची कड चटईखाली सगळीकडून नीट खोचली तर डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात. दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय फळीसारखा स्थिर ठेवून माणसाला उचलून न्यायचं, लस असेल अशा सरकारी दवाखान्यात. लस या चारही सापांवर चालते. म्हणून मुक्काम ठरवण्याआधी, गाडी लागते तो रस्ता किती मिनिटांवर आहे आणि 108 ला फोन लागेल अशी रेंज कुठल्या टेकाडावर येते, हे पाहून ठेवायचं.

विंचवाचं त्यामानाने बरं झालं आहे. कोकणातल्या लाल विंचवाने एके काळी किती पोरं नेली! महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते मरण खूप खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरांनी द्यायचं. आपल्याकडे काम एवढंच, की सकाळी बूट झटकून घालायचे आणि दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत.

बाकी गोष्टी थोडक्यात. दोरी घ्या, तीस हात पुरे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, पिशवीत नाही. बॅटरी डोक्याला बांधायची. अत्तर आणि सुवासिक साबण घरी ठेवा. कड्यांना आग्यामोहोळं असतात आणि त्यांना तुमचा थाट आवडत नाही. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा हवाच, कारण याच दिवसांत खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात. एका वर्षी एका बहाद्दराने ती मखमल पाहून शेंग गालाला लावली. शेणाचा लेप लावून तो दोन तास उन्हात बसला होता. फोटो आमच्याकडे आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी आमच्या वाडीत यायचं असा रिवाज आहे. भाजी तोलायचा ताणकाटा आंब्याच्या फांदीला लटकवलेला असतो. शेवग्याच्या जुड्या आणि वांग्यांची पोती जिथे मोजली जातात, तिथेच पिशव्या लावायच्या. मागच्या वर्षी एका मुलाची पिशवी साडेतेरा भरली. उघडली. दोन पॉवर बँक, छोटा स्पीकर, परफ्यूमची बाटली, कुऱ्हाड (ती वडिलांना न विचारता आणलेली), डाळ-तांदूळ मात्र एक वाटी. सगळं काढून ओट्यावर मांडलं, शिधा वाढवला, मच्छरदाणी घातली. तळाशी एक सोललेला नारळ निघाला, आईने घातलेला. तो ओशाळून म्हणाला, ‘हाही काढतो काका, पाऊण किलो तरी असेल.’ म्हटलं, राहू दे. उद्या पाड्यावर पहिलं घर लागेल तिथे द्यायला लागतो. काटा पुन्हा लावला तेव्हा नऊला जरा झुकतं माप होतं.

माकुणसार,
कोजागरी पौर्णिमा